ठिपक्यांवरून फिरणारी पेन्सिल

लखनौहून सीतापूरच्या दिशेने निघाले की शहर विरळ होत जाते, आमराया दिसू लागतात आणि बख्शी का तालाब येते. देशाला हे नाव हवाई दलाच्या तळामुळे ठाऊक आहे. तिथली तीन-चार वर्षांची मुले मात्र तिघा वेगवेगळ्या जगांत शिकतात. काही अंगणवाडीत, काही सरकारी शाळेच्या आवारातील बालवाटिकेत, तर काही दोन-तीन खोल्यांच्या 'इंग्लिश मीडियम' नर्सरीत. तळावर देशभरातून बदलीने कुटुंबे येतात, मराठी घरेही त्यांत आलीच. वर्ग निराळे, फी निराळी, घरची बोलीही निराळी. परंतु अशा कुठल्याही गावात या मुलांच्या दप्तरात डोकावले तर वही बहुधा एकाच जातीची सापडते. चार ओळींच्या मध्ये ठिपक्यांनी काढलेले अक्षर, आणि त्या ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवायची. हिंदीचा क असाच, इंग्रजीचा ए असाच, आणि अलीकडे नर्सरीपासूनच जोडाक्षरी इंग्रजी, म्हणजे कर्सिव्हही असेच.

हा विषय आताच चर्चेला घेण्यास कारण आहे. उत्तर प्रदेशाने २०२५ साली कमी पटाच्या प्राथमिक शाळा शेजारच्या शाळांशी जोडण्याचे ठरवले आणि रिकाम्या झालेल्या इमारतींत बालवाटिका चालवण्याचे धोरण स्वीकारले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेवर न्यायालयापर्यंत वाद झाला. तो इथला विषय नाही. प्रश्न एवढाच की त्या खोल्यांत बसणाऱ्या मुलांच्या हातात पहिल्या महिन्यात काय दिले जाणार. एकदा वह्यांची छपाई झाली की पुढची दहा वर्षे तेच चालते, हा आपल्याकडचा अनुभव महाराष्ट्रासही नवा नाही.

गिरवणे या क्रियेविषयी मराठी मनात आदर आहे. 'कित्ता गिरवणे' हा वाक्प्रचार थोरांच्या अनुकरणासाठी वापरला जातो. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर काढी, पुसून पुन्हा काढी. मोडीचे वळण कित्त्यावरूनच बसे. तेव्हा ठिपक्यांची वही म्हणजे त्याच परंपरेचे छापील रूप, असे सहज वाटते. ते खरे नाही. धूळपाटी आणि ठिपक्यांची वही या दिसायला सख्ख्या बहिणी असल्या तरी त्यांचे काम जवळजवळ उलट आहे. हे समजण्यासाठी हाताच्या हालचालीचे थोडे भौतिकशास्त्र पाहावे लागते.

एखाद्या प्रौढाने कागदावर झपाट्याने लंबवर्तुळ काढले, तर पेनाचा वेग सर्वत्र सारखा राहत नाही. सपाट भागावर तो वाढतो, टोकाशी वळताना कमी होतो. १९८३ साली लाक्वानिती, तेरझुओलो आणि विविआनी यांनी या चढउताराला एक नियम असल्याचे दाखवले: वेग हा वक्रतेच्या उणे एक-तृतीयांश घाताच्या प्रमाणात बदलतो. कोनीय वेगाच्या भाषेत तोच 'दोन-तृतीयांश घाताचा नियम' म्हणून ओळखला जातो. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लांबी रुंदीच्या दुप्पट असलेल्या लंबवर्तुळात टोकाची वक्रता सपाट भागाच्या वक्रतेच्या आठपट भरते. आठाचे घनमूळ दोन. म्हणून सपाट भागावर पेन टोकापेक्षा बरोबर दुप्पट वेगाने जाते. परस्परांना लंब असलेली दोन सरल आवर्त स्पंदने एकत्र केली तरी हेच उत्तर मिळते. बीजगणितात रस असणाऱ्यांना यात एक छोटा आनंद आहे.

हा नियम हाताला कोणी शिकवलेला नसतो. हालचाल आधीच मेंदूत संपूर्ण रचली गेली आहे आणि मग एका झोकात सोडली आहे, याची ती खूण आहे. डोळ्याने पाहून हात सुधारायचा तर त्यात साधारण १०० ते २०० मिलिसेकंद जातात. सराईत हाताची एक रेघ तेवढ्या वेळात होऊनही जाते. म्हणजे ती रेघ चालू असताना दुरुस्त होऊच शकत नाही. ती आधीच ठाऊक असावी लागते. लिहिता येणे याचा अर्थ हा आहे. विविआनी आणि श्नायडर यांनी १९९१ साली मुलांच्या रेखाटनांचा वयानुसार अभ्यास प्रसिद्ध केला. आकार आणि वेग यांचे हे नाते बालपणी अंकुरते आणि पुढे अनेक वर्षे घट्ट होत जाते, असे त्यातून दिसते.

आता ठिपक्यांवरून पेन्सिल नेणारे चार वर्षांचे मूल पाहावे. ते अक्षर काढत नसते, पुढचा ठिपका शोधत असते. ठिपका, थांबा, पाहा, पुढे, पुन्हा ठिपका. प्रत्येक पावलाला डोळ्याची परवानगी लागते. वेगाचा आलेख काढला तर जिथे एकच गोल टेकडी असायला हवी तिथे करवतीचे दाते दिसतात. कागदावर उमटलेला क सुबक असतो, पण तो क मुलाच्या मेंदूने रचलेला नसतो, छापखान्याने रचलेला असतो. हस्ताक्षरतज्ज्ञ खोट्या सह्या याच खुणेने ओळखतात. गिरवून केलेली सही आकाराने हुबेहूब असते, रेघ मात्र संथ, कापरी, मध्येच थबकलेली. जी गोष्ट न्यायालयात बनावटपणाचा पुरावा ठरते, तिलाच बालवर्गात 'छान' असा शेरा मिळतो.

याची कोणालाही घरच्या घरी परीक्षा घेता येईल. मोबाइलच्या साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रे असतात, म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचे अंतर. प्रौढाची एक रेघ तीन-चार चित्रांत संपते. मूल ठिपक्यांवर ग काढताना आणि तेच मूल कोऱ्या कागदावर मनाने ग काढताना चित्रण करावे, पेन्सिल किती वेळा थांबली ते मोजावे. दुसरा ग वाकडा असेल, कदाचित गुडघ्यात मोडलेला असेल. थांबे मात्र त्यात कमी सापडण्याची शक्यता बरीच आहे. आणखी एक गोष्ट त्या चित्रणात दिसेल, जी वहीत कधीच दिसत नाही: मुलाने अक्षर कुठून सुरू केले. ठिपक्यांना सुरुवात आणि शेवट नसतो. प खालून वर चढवला तरी पान तितकेच भरते.

मेंदूविज्ञानाचा पुरावा याच दिशेने जातो, पण सरळ रेषेत नाही. इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ साली वाचता न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना काही अक्षरे तीन प्रकारे शिकवली: काहींची कळ दाबून, काही गिरवून, काही पाहून स्वतः काढून. नंतर ती अक्षरे दाखवून मेंदूचे चुंबकीय चित्रण केले. वाचनाशी निगडित भाग सर्वांत ठळकपणे जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी. गिरवलेली अक्षरे त्यांच्या पंक्तीला बसली नाहीत. मुले मोजकीच होती, हे लक्षात ठेवूनच हा निष्कर्ष वाचावा.

त्याहून उद्बोधक प्रयोग ली आणि जेम्स यांचा, २०१६ सालचा. त्यात पाच वर्षांच्या ७२ मुलांनी अनोळखी ग्रीक चिन्हे सहा निरनिराळ्या पद्धतींनी शिकली. छापील चिन्ह पाहून काढणे, छापील चिन्ह गिरवणे, हस्तलिखित चिन्हे गिरवणे, या तीन हाताच्या पद्धती. आणि उरलेल्या तीन नुसत्या पाहण्या-उच्चारण्याच्या, एकाच टाइपात, अनेक टाइपांत किंवा हस्तलिखितांत. जिंकले ते कोण? जिथे मुलांसमोर एकाच चिन्हाची नाना रूपे आली, ते सगळे गट. मग हात चालला असो वा नसो. एकाच साच्यातील छापील चिन्ह पुन्हा पुन्हा गिरवणारी मुले मागे राहिली. मुलाच्या स्वतःच्या हातून निघालेली वेडीवाकडी अक्षरेच त्याला शिकवतात, कारण प्रत्येक वेळी ती थोडी निराळी येतात आणि क चे क-पण कशात आहे हे मेंदूला त्या निराळेपणातून शोधावे लागते. ठिपक्यांची वही नेमकी ही वाकडी वाट बंद करते. पानावरचे चाळीस क म्हणजे एकच क चाळीस वेळा.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लाँगकॉं आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तीन ते पाच वर्षांच्या फ्रेंच मुलांवर केलेल्या प्रयोगात कळफलकापेक्षा हाताने शिकलेली अक्षरे, विशेषतः त्यातल्या मोठ्या मुलांना, अधिक चांगली ओळखता आली. २०२५ साली बास्क प्रदेशातील संशोधकांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांना जॉर्जियन आणि आर्मेनियन अक्षरे शिकवली, तेव्हा पाहून काढणारे आणि गिरवणारे असे दोन्ही गट टंकलेखनाच्या गटांपेक्षा सरस ठरले. म्हणजे पर्याय जर टॅब्लेटवरची कळ असेल, तर ठिपक्यांची वहीसुद्धा बरी. तिला विष म्हणण्याचे कारण नाही. पण पर्याय टॅब्लेटच का असावा? कोरा कागद, खडू आणि जमीन बख्शी का तालाबमध्येही मिळते.

नॉर्वेतील प्रयोगांचा उल्लेख अलीकडे प्रत्येक शाळेच्या जाहिरातीत येऊ लागला आहे. वान डर वील आणि वान डर मीर यांनी २०२४ साली विद्यापीठातील ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी नोंदवल्या. डिजिटल पेनाने लिहिताना मेंदूच्या विविध भागांतील लहरींची सांगड टंकलेखनापेक्षा कितीतरी व्यापक दिसली. बातम्यांनी त्याचे 'कर्सिव्हने बुद्धी वाढते' असे करून टाकले. त्या प्रयोगात बालके नव्हती, गिरवणे नव्हते, सुट्या आणि जोडलेल्या अक्षरांची तुलना नव्हती, आणि टंकलेखन एकाच बोटाने करायला लावले होते. त्याच्या आधारे चार वर्षांच्या मुलाला जोडाक्षरी इंग्रजीची वही देणे म्हणजे मॅरेथॉनपटूच्या हृदयाचा आलेख दाखवून रांगणाऱ्या बाळाला बूट विकण्यासारखे आहे.

कर्सिव्हचा मुद्दा वेगळा काढून पाहिला पाहिजे. इंग्रजीच्या २६ अक्षरांची मोठी, लहान, छापील आणि जोडलेली अशी रूपे धरली तर १०४ आकृत्या होतात. त्यांतल्या काही एकमेकींशी नाते सांगत नाहीत. जोडलेला लहान आर किंवा एस गोष्टीच्या पुस्तकात कुठेही भेटत नाही. शेजारी देवनागरीची पन्नासेक अक्षरे आणि मात्रा. मराठी घरातल्या मुलाला तर मराठी वळणाचे ल आणि श घरी, हिंदी वळणाचे शाळेत. या वयात तिरपी रेघच मुळात उशिरा जमते. उभी रेघ आणि गोल तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, अधिकचे चिन्ह चौथ्याच्या आसपास, त्रिकोण पाचव्याच्या. हा क्रम बालविकासाच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे दिसत आला आहे. मनगटाच्या आठ हाडांपैकी निम्मी या वयात अजून पूर्ण हाड झालेली नसतात, असेही सांगितले जाते; ते खरे आहे, परंतु लिहिण्यातली मुख्य अडचण हाडांची नसून हालचालीच्या आराखड्याची आहे. क्ष-किरण छायाचित्र दाखवून पालकांना घाबरवण्याची गरज नाही.

कर्सिव्हचे समर्थक फ्रान्सचे उदाहरण देतात. ते रास्त आहे. तिथे मुले जोडलेल्या अक्षरांनीच लिहायला शिकतात. पण त्याआधी दोन वर्षे मोठ्या कागदावर लाटा, कमानी, वेटोळी काढण्यात जातात, आणि जोडलेली अक्षरे बालशाळेच्या शेवटच्या वर्षी, पाचव्या वर्षानंतर, शिक्षिकेने समोर काढून दाखवल्यावर येतात. आपल्याकडे फ्रान्सचे फळ आयात झाले, दोन वर्षांची मशागत मात्र जकात नाक्यावर राहिली.

माँटेसोरीबाईंनीही जोडलेली अक्षरेच वापरली होती, हे या वादात विसरता येत नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. तिथली खरखरीत कागदाची अक्षरे मुले दोन बोटांनी चाचपत, लिहिण्याच्या दिशेने, लिहिण्याच्या क्रमाने, पुष्कळदा डोळे मिटूनही. पेन्सिलीचा सराव निराळा, भौमितिक आकृत्यांच्या धातूच्या चौकटींवर. अक्षराची हालचाल आणि पेन्सिलीचा ताबा ही दोन ओझी त्यांनी मुद्दाम वेगळी ठेवली. ठिपक्यांची वही ती दोन्ही एकदम लादते आणि दिशा तेवढी सांगत नाही.

खरे तर ही युक्ती रोमहून यायची गरजच नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने जवळच्या देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले. त्याने ती पद्धत उचलली, १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तिका काढली, आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत वाळूची मेजे आली. वाळूत काढलेले अक्षर पुसले जाते, हाच तिचा गुण. पुढचे अक्षर पुन्हा मनातून काढावे लागते. बोटाला वाळूचा विरोध जाणवतो, रेघ हाताएवढी मोठी निघते, खांदा आणि कोपर कामाला लागतात. आणि कोणाला दाखवण्यासाठी पान उरत नाही.

तिथेच खरी मेख आहे. वही ही मुलासाठी नसते, पाहणाऱ्यासाठी असते. नर्सरीत महिना फी भरणाऱ्या पालकाला काहीतरी भरलेले हवे असते. पर्यवेक्षकाला तपासता येईल असे काही हवे असते. आणि अंगणवाडी सेविकेचे काय? केंद्राच्या २०१८च्या सुधारित दराने तिचे मानधन दरमहा ४,५०० रुपये, त्यात राज्य आपली भर घालते. वजन-उंचीच्या नोंदी, पोषण आहार, गरोदर मातांच्या भेटी, मोबाइलवरची माहिती, हे सगळे करून तिने वीस मुलांना एकेका अक्षराची हालचाल समोर बसून दाखवावी, ही अपेक्षा ठेवणाऱ्यांनी एकदा ती खोली पाहावी. ठिपक्यांची वही वीस मुलांना अर्धा तास गप्प बसवते. तिचे यश शैक्षणिक नसून व्यवस्थापकीय आहे, आणि त्याचा दोष सेविकेला देणे अन्यायाचे होईल.

अंगणवाडी या शब्दाचा उगम मराठी मातीत आहे, याची आठवण इथे द्यावीशी वाटते. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. माँटेसोरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने आली, आणि वर्ग मुलांच्या अंगणात भरला. सरकारी एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले. नाव देशभर पोचले. शिंपले आणि खडे किती ठिकाणी पोचले, हा प्रश्न वेगळा.

धोरणाच्या कागदावर अडचण नाही. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक नको अशीच भूमिका आहे. १९९३ सालीच प्राध्यापक यशपाल, म्हणजे वैश्विक किरणांवर आयुष्य घालवलेला भौतिकशास्त्रज्ञ, यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याविषयी अहवाल दिला होता आणि बालवाडीतल्या घाईवरही बोट ठेवले होते. तीस वर्षांत ओझे हलके झाले नाही. ते नर्सरीपर्यंत खाली उतरले.

याची किंमत कोण मोजते, ते उघड आहे. पाच वर्षांच्या वयात दोन मुलांच्या हाताच्या तयारीत वर्षभराचा फरक असणे अगदी स्वाभाविक असते, आणि सहसा तो भरून निघतो. पण वहीच्या पानावर तो फरक 'घाणेरडे अक्षर' म्हणून छापला जातो. ज्या मुलाच्या घरी शिकवणी लावण्याची ऐपत आहे त्याचा तो डाग धुतला जातो. ज्याचे आईवडील आंब्याच्या हंगामात बागेत मजुरीला जातात, ते मूल स्वतःविषयी पहिले मत याच पानावरून बनवते, आणि ते मत चुकीच्या मोजपट्टीने बनलेले असते.

मग करावे काय? वह्या रद्द करण्याचा आदेश काढून काही साधणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागतील. गिरवणे ठेवावे, पण त्याचे स्थान बदलावे. अक्षर फरशीवर खडूने हातभर काढलेले असावे, सुरुवातीच्या जागी एक ठळक खूण आणि पुढे बाण. मुलाने त्यावरून बोट फिरवावे, मग पाय टाकत चालावे. दोन-तीन वेळा, चाळीस नाही. निरनिराळ्या हातांनी काढलेली अक्षरे असावीत, ताईचे, आजोबांचे, मोठ्या बहिणीचे, कारण नाना रूपे हीच खरी खुराक आहे. त्यानंतर अक्षर झाकावे आणि राखेत, वाळूत किंवा पाटीवर मनाने काढू द्यावे. ही शेवटची पायरी वगळली तर आधीच्या सगळ्या पायऱ्या नाचाच्या मुद्रा होऊन राहतात. पेन्सिल पाचव्या वर्षानंतर आली तरी कोणतीही बस चुकत नाही. जोडाक्षरी इंग्रजी, ज्यांना ती हवीच आहे त्यांच्यासाठी, मूल छापील अक्षरे सहज वाचू लागल्यावर, दुसरी-तिसरीत.

आणि तपासणीसाठी काही लागणारच असेल, तर पर्यवेक्षकाने वही मागू नये. मुलाला जवळ बोलवावे, कोरी पाटी पुढे करावी, 'ग काढून दाखव' म्हणावे आणि तीनच गोष्टी नोंदवाव्यात: सुरुवात योग्य जागेवरून झाली का, दिशा बरोबर होती का, मध्ये हात किती वेळा अडखळला. एका मुलाला अर्धा मिनिट पुरतो. वीस मुलांच्या बालवाटिकेला दहा मिनिटे.